कोकणातले नक्षीचे दगड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की फोनवर दगडांचे फोटो यायला लागतात. बहुतेक फोटो ओल्या तळहातावरचे, निम्मे हललेले, आणि खाली एकच ओळ: "ताई, हे काय आहे?" तीच ती उत्तरं लिहून बोटं दुखली, म्हणून ती इथे एकत्र केली. मी भूशास्त्र शिकलेली नाही. कथा लिहिते, रत्नागिरी तालुक्यात राहते आणि तीसेक वर्षं दगड उचलते आहे. जे हाताखालून गेलं आणि जाणकारांकडून तपासून घेतलं, तेवढंच खाली आहे.

१. तुम्ही लेखिका. हा दगडांचा नाद कुठून लागला?

खड्यांच्या गौरींपासून. आमच्याकडे मुखवट्यांच्या गौरी नाहीत. पाणवठ्यावरून सात खडे आणायचे, तीच गौर. आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, घरी येईपर्यंत बोलायचं नाही. आठ-नऊ वर्षांची असताना तो मान मला मिळाला. वहाळात वाकले आणि उठेचना. एक खडा राखी होता, त्यावर दुधाच्या सायीसारखी एक रेघ पूर्ण गोल फिरून परत स्वतःला मिळालेली. तसेच आणखी सहा शोधायचे म्हणून मी अर्धा तास पाण्यात, तोंड फुगवून. आजी काठावरून ओरडत होती, "अगो, गौर आणायची आहे, स्थळ नाही बघायचं!" मला उत्तर देता येत नव्हतं, कारण तोंडात पाणी.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाला तो रेघेचा खडा मी मुठीत लपवला. आजीने मूठ उघडायला लावली आणि तो वहाळात गेला. पुढचं सगळं त्या एका खड्याच्या शोधात झालेलं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आणि नीट पाहिलं तर आपल्याकडे दगड जमवणं नवं नाही. पंचायतनात पाच ठिकाणचे पाच दगडच असतात: गंडकीतला शाळिग्राम, नर्मदेतलं बाणलिंग, शोण नदीतला तांबडा शोणभद्र, देवीचा सुवर्णमुखी आणि सूर्याचा स्फटिक. प्रत्येकाचं ठिकाण ठरलेलं. ती शिस्त मला पुढे फार उपयोगी पडली (प्रश्न १९ पाहा).

२. कोकणातला दगड मुळात कुठला? सगळा काळाच का?

सगळा नाही. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत मुख्यतः बेसॉल्ट, म्हणजे आपला काळवथर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा थरावर थर साचत गेला. त्यातला आज उरलेला भागही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे जाताना समोर सह्याद्रीच्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. भूशास्त्रात त्यांना 'ट्रॅप' म्हणतात आणि तो शब्द पायरीच्याच अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला.

सिंधुदुर्गात उतरलं की खेळ बदलतो. तिथे लाव्हाच्या कितीतरी आधीचे, अब्जावधी वर्षं जुने खडक वर आलेले आहेत. म्हणून मालवणचा गोटा आणि गुहागरचा गोटा शेजारी ठेवले तर ते भाऊभाऊ वाटत नाहीत. या सगळ्यावर, सड्यावर म्हणजे माथ्यावरच्या सपाटीवर, जांभा पसरलेला, त्याचं प्रश्न ६ मध्ये.

३. काळ्या दगडात पांढरे ठिपके, कधी पांढरे गोळे असतात. ते काय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहतात. आंबोळीला जाळी पडते तसं. नंतर या जाळीतून खनिजं विरघळलेलं ऊन पाणी झिरपत राहिलं आणि भोकांत एकेक खनिज बसत गेलं. भोक लहान असेल तर ते पूर्ण भरतं आणि तुम्हाला पांढरा ठिपका दिसतो. मोठं असेल तर मध्ये पोकळी राहते आणि तिच्या भिंतींवर स्फटिक वाढतात. खाणीतून निघून जगभरच्या संग्रहालयांत गेलेले महाराष्ट्राचे स्फटिक ते हेच.

या पांढऱ्या मंडळींत झिओलाइट कुळातली बरीच जण असतात. स्टिलबाइट ओळखायला सोपं: भाताची पेंढी मध्ये आवळून बांधल्यासारखा त्याचा स्फटिक, दोन्ही टोकांना फिसकारलेला. स्कोलेसाइटच्या सुया एका बिंदूतून फुटतात. ह्यूलँडाइटवर मोत्यासारखी झाक असते. त्यांच्या सोबतीने ॲपोफिलाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्झही येतात, पण ती झिओलाइटं नव्हेत. 'झिओलाइट' म्हणजे उकळणारा दगड. क्रॉनस्टेड या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने १७५६ मध्ये हे नाव दिलं, कारण तापवल्यावर त्यातलं पाणी बुडबुडत बाहेर पडताना त्याला दिसलं.

मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाट फोडला जात होता (तो मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला) तेव्हा असे सुंदर नमुने निघाले आणि ते पार परदेशी संग्रहांत पोचले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते टोपल्यांनी उचलून भरावात टाकले असतील, हा विचार मला अधूनमधून छळतो.

नदीतल्या आणि पुळणीवरच्या गोट्यात मात्र हे स्फटिक शाबूत मिळायचे नाहीत. ते बहुतेक बेसॉल्टपेक्षा मऊ, त्यामुळे आधी झिजतात. गोट्यावर सपाट पांढरा ठिपका किंवा नुसता खळगा उरतो. खळग्याला आतून हिरवा मुलामा दिसला तर ते शेवाळ समजून घासू नका. बहुधा ते सेलाडोनाइट नावाचं खनिज असतं.

४. किनाऱ्यावर अकीक सापडतो का?

सापडतो, पण खंबायतच्या बाजारातला डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर निराश व्हाल. आपल्याकडचा अकीक सुपारीएवढा, फार तर लिंबाएवढा. बाहेरून मळकट, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा. सूर्याकडे धरलात आणि कडेने उजेड आरपार आला तर घरी आणायला हरकत नाही. अकीकसुद्धा प्रश्न ३ मधल्या भोकांतच तयार होतो. सिलिका भिंतीपासून आत थराथराने बसत जाते, म्हणून पट्टे एकात एक असतात आणि भोकाचा आकार जपतात. नदीच्या पात्रात शोधणं समुद्रापेक्षा फलदायी. घाटाच्या पायथ्याशी, जिथे नदीने नुकतेच दगड आणून टाकलेत, तिथे बघा.

५. मला पट्ट्यांचेच दगड हवेत. कुठे जाऊ?

दक्षिणेला. रेडी-शिरोड्याकडे लोहखनिजाच्या पट्ट्यात हेमॅटाइट आणि क्वार्ट्झचे आलटून पालटून थर असलेला दगड मिळतो: एक रेघ पोलादी करडी, एक तांबडी. हातात घेतला की वजनाने दचकायला होतं. सिंधुदुर्गातल्या वालुकाश्मात कधी कधी गंजाच्या रंगाची वलयं दिसतात, झाडाच्या खोडासारखी. ती वाढीची वलयं नव्हेत. पाण्याबरोबर झिरपलेलं लोह ठरावीक अंतरावर साचून ती झाली आहेत. खाणीच्या हद्दीत शिरू नका. वहाळात वाहून आलेले तुकडे पुरेसे असतात.

६. जांभ्यात गोळा करण्यासारखं काय आहे? तो तर चिरा!

मीही वीस वर्षं असंच म्हणत होते. जांभा म्हणजे मूळ खडकातलं बाकी सारं लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेल्यावर उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम. चिरेखाणीत ताजा कापलेला चिरा बघा: पिवळ्या, जांभळ्या, विटकरी रंगांच्या वेटोळ्या नळ्या, मध्ये पांढरट माती. खाणीत तो त्या मानाने मऊ असतो आणि उघड्यावर आला की कडक होतो, म्हणून तर त्याचे चिरे पडतात. बुकनन या इंग्रजांच्या नोकरीतल्या डॉक्टरने केरळात पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून.

आता माझी आवडती गोष्ट. जांभ्यातला पिवळा-तपकिरी रंग ज्या लोहखनिजाचा, त्याचं नाव गोएथाइट. जर्मन कवी गोएथे याच्यावरून १८०६ मध्ये ठेवलेलं. गोएथे दगडवेडा होता, त्याच्या संग्रहात सुमारे १८ हजार नमुने होते. म्हणजे कोकणातल्या प्रत्येक चिरेबंदी घराच्या, गडग्याच्या आणि विहिरीच्या भिंतीत एक कवी आहे. लेखकाने दगडांच्या नादी लागू नये म्हणणाऱ्यांना मी आमचा गडगा दाखवते.

७. कधी जावं? ओहोटी कशी ओळखायची?

पावसाळ्यात उधाणलेला समुद्र पुळणीवरची वाळू ओढून नेतो आणि खालचे गोटे उघडे पडतात. वाळू परत येते ती दिवाळीपर्यंत. त्यामुळे समुद्र शांत झाल्यावर पण वाळू परतण्याआधी, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतरचे काही आठवडे माझे. नदीसाठी मात्र डिसेंबरनंतर जा, पाणी उतरलेलं असतं.

ओहोटीसाठी जुना हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराला भरती, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाच-सहाच्या सुमारास समुद्र खूप आत गेलेला असतो. हे उधाणाचे दिवस, दगड शोधायला उत्तम. अष्टमीच्या आसपास भांग असतं. पाणी धड आत जात नाही, धड वर येत नाही. त्या दिवशी घरी बसून लेबलं लिहावीत.

कातळावर पाठ समुद्राकडे करून वाकायचं नाही. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरची खडकातली जाळीदार नक्षी बघायला पूर्ण ओहोटीलाच उतरा आणि पाणी फिरायच्या आत वर या. गावातले लोक नको म्हणाले तर नको.

८. पाण्यात रत्नासारखा दिसलेला दगड घरी आणल्यावर मेलेला का वाटतो?

दगड तोच आहे, पाणी गेलं. घासलेल्या दगडाचा पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत असतो, त्यावर उजेड चहूकडे विखुरतो आणि रंगावर पांढरट पडदा येतो. पाण्याचा थर ते खळगे भरतो, उजेड आत जाऊन रंग घेऊन परत येतो. म्हणून किनाऱ्यावर माझा एक नियम: दगड उचलायचा, पदराला पुसायचा, चहा पिऊन होईपर्यंत उन्हात ठेवायचा. त्यानंतरही आवडला तर न्यायचा. दहातले आठ तिथेच राहतात.

९. मग तेल लावू का? की वॉर्निश?

खोबरेल लावलेले दगड मी पाहिलेत. आठ दिवस देखणे, मग धूळ धरतात, पावसाळ्यात खवट वास येतो आणि मुंग्या लागतात ते वेगळंच. वॉर्निशने दगड प्लास्टिकचा वाटतो. माझ्या टेबलावर काचेचं एक रुंद भांडं आहे. त्यात पाणी घालून आठवड्याला पाच दगड ठेवते. बाकीचे कोरडे.

झिलई हवीच असेल तर हार्डवेअरच्या दुकानात पाण्यातला पॉलिश पेपर मिळतो. २२० पासून सुरू करून ४००, ८००, १२०० पर्यंत पाण्याखाली घासत जा. कॅल्साइट एका दुपारी चमकेल, अकीकाला आठवडे लागतील. भोकांचा बेसॉल्ट आणि जांभा कधीच चमकणार नाहीत. कोरडं घासू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट, पाथरवटांना विचारा.

१०. दगड धुवायचे कसे?

समुद्रातले दगड आधी गोड्या पाण्यात आठवडाभर, पाणी रोज बदलून. नाहीतर मीठ सुकताना बाहेर येतं, पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि हळूहळू सालपटं निघतात. त्यानंतर जुना दात घासायचा ब्रश आणि साधा साबण. बस्स.

ॲसिड नको. माझ्या एका नातेवाइकाने मला आनंद व्हावा म्हणून माझा मधाच्या रंगाचा कॅल्साइट संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये टाकला. दिवाळीतल्या पावसासारखा तो फसफसला. बाहेर काढला तेव्हा टोकं गेलेली, अंगावर घासलेल्या काचेचा पांढरेपणा. ते गृहस्थ अजूनही विचारतात, "स्वच्छ झाला ना?"

आणि कापसाच्या गोळ्यासारखं पांढरं, केसाळ ओकेनाइट तुमच्याकडे असेल तर ते धुवायचंही नाही, बोट लावायचंही नाही. त्याचे तंतू एकदा चिकटले की परत उठत नाहीत.

११. माझा दगड कपाटात आपोआप भुगा झाला. कुणी हात लावला नव्हता!

लाव्मोंटाइट असणार. झिओलाइटच, पण पाणी धरून ठेवायला नालायक. कोरड्या हवेत त्याच्या रचनेतलं पाणी उडतं, तडे जातात आणि तो खडूच्या चुऱ्यासारखा पडतो. माझा एक नमुना रत्नागिरीत चार वर्षं सुखाने होता. एप्रिलमध्ये पुण्याला एका मैत्रिणीला दाखवायला नेला, दहा दिवस राहिले. परत आणला तो पुडीत, तपकिरीसारखा. लोक कोकणच्या दमट हवेला नावं ठेवतात, पण या एका खनिजाला ती मानवते.

उलट पायराइटला तीच हवा मारते. आपल्याकडे तो हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवा. ॲमेथिस्ट उन्हात ठेवलात तर जांभळा रंग उडतो.

१२. घरच्या घरी दगड कसा ओळखू?

फोटो पाठवण्याआधी एवढं करून बघा. मोह्स या खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली. तिच्यात नखाचा कठीणपणा अडीचच्या आसपास, चाकूचं पातं आणि काच साडेपाचच्या, क्वार्ट्झ सात. पांढऱ्या दगडाचा काचेवर ओरखडा उठला तर तो क्वार्ट्झ किंवा अकीक. नाही उठला तर कॅल्साइट किंवा झिओलाइट. मग त्यावर लिंबाचा रस टाका आणि भिंगातून बघा. बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. (कोकमाचं आगळ वाया घालवू नका, लिंबू पुरे.)

तपकिरी-काळ्या जड दगडांसाठी बाथरूमच्या टाइलची मागची खरखरीत बाजू घ्या आणि तिच्यावर दगड ओढा. रेघ तांबडी आली तर हेमॅटाइट, काळी आली तर मॅग्नेटाइट, पिवळट तपकिरी आली तर आपला कवी (प्रश्न ६).

१३. गारगोटी अंधारात पेटते म्हणतात. खरं का?

पेटत नाही, उजळते. गारगोटी म्हणजे आपला क्वार्ट्झच. दोन पांढऱ्या गारा घ्या, रात्री दिवा घालवा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि गारा एकमेकींवर जोरात घासा. घासल्या जागी, दगडाच्या आत, फिकट नारिंगी उजेड लकाकतो आणि जळक्यासारखा वास येतो. घासताना स्फटिकातले बंध तुटतात, त्याचा हा उजेड. पाण्याखालीसुद्धा दिसतो, बादलीत करून पाहा. वीज गेलेल्या पावसाळी रात्री मुलांना गप्प बसवायला मला याहून चांगला उपाय सापडलेला नाही.

१४. लालभडक, गुळगुळीत, चपटा दगड सापडला. जास्पर ना?

जास्पर म्हणजे क्वार्ट्झच्या कुळातला लाल दगड, चाकूला दाद न देणारा. चाकूने ओरखडा उठतो का बघा. उठला तर ते मंगलोरी कौल आहे. वाईट वाटून घेऊ नका, मी दोन वर्षं एका कौलाच्या तुकड्यावर "जास्पर, भाट्ये" अशी चिठ्ठी लावून मिरवत होते. पडक्या घरांची कौलं खाडीत जातात आणि समुद्र त्यांना इतकं सुबक गोल करतो की फसायला होतं. हिरव्या बाटल्यांच्या धुरकट काचा, मोझेक टाइल, विटा हेही सगळं याच टोपलीतलं. मी तो तुकडा फेकला नाही. आता त्याच्या चिठ्ठीवर "कौल, भाट्ये" असं आहे.

१५. शेतात काळा, फार जड दगड मिळाला. उल्का असेल का?

बहुधा नाही. लोहाने भरलेला जांभ्याचा गड्डा किंवा लोहाराच्या भट्टीतला मळ असतो. अंगावर बुडबुड्यांची भोकं असतील तर उल्का नव्हेच. टाइलवर तांबडी किंवा पिवळी रेघ आली (प्रश्न १२) तरीही नव्हे. बहुतेक उल्कांना लोहचुंबक चिकटतो, पण मॅग्नेटाइटलाही चिकटतो, तेवढ्यावर पेढे वाटू नका.

१६. रत्नागिरीची काळी वाळू म्हणजे प्रदूषण का?

नाही हो. रत्नदुर्गाच्या एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र ही नावं कारखान्यांच्या आधीची आहेत. काळे कण मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, बेसॉल्ट झिजून आलेले. मालगुंड, काळबादेवीपासून पूर्णगडापर्यंत किनाऱ्यावर इल्मेनाइटचे साठे आहेत. जड असल्यामुळे लाट परतताना ते मागे राहतात आणि हलके कण वाहून जातात, म्हणून वाळूवर काळ्या-पांढऱ्या रांगोळ्या उमटतात. लोहचुंबक पिशवीत गुंडाळून वाळूतून फिरवा, मॅग्नेटाइट मिशा फुटल्यासारखा उभा राहील. पिशवी विसरलात तर ते कण चुंबकावरून जन्मात निघणार नाहीत.

१७. माझ्या दगडात हुबेहूब झाडाचं चित्र आहे. जीवाश्म आहे का?

फांद्या काळ्या आणि पानं नसलेल्या असतील, भेगेच्या सपाट अंगावर पसरलेल्या असतील, तर ते मँगनीजचं ऑक्साइड. भेगेतून झिरपताना ते असंच फाटे फोडत जातं. झाडाचा आणि त्याचा काही संबंध नाही, दोघांना एकाच पद्धतीने पसरायला आवडतं इतकंच.

याच प्रश्नात ते फोटोही येतात: दगडातला गणपती, दगडातला महाराष्ट्राचा नकाशा, एकदा तर दगडातले एक माजी मंत्री. चेहरे शोधणं हा डोळ्याचा धर्म आहे. मी त्यावर वाद घालत नाही, मलाही माझ्या एका गोट्यात पावसाळी रात्रीचा रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यावरून एक गोष्ट निघालेली आहे. फक्त चिठ्ठीवर "बेसॉल्ट, कॅल्साइटची शीर" लिहावं. रस्ता वहीत लिहावा.

१८. सागरगोटा, समुद्रफेस, गोमती चक्र कुठल्या दगडाची असतात?

कुठल्याच नाही. सागरगोटा हे काटेरी वेलीचं बी. समुद्रफेस म्हणजे माकूळवर्गातल्या प्राण्याच्या अंगातलं हाड म्हणा. गोमती चक्र हे गोगलगायीने शंखाचं तोंड बंद करायला बनवलेलं झाकण. त्याच्यावरची वेटोळी नक्षी मात्र कुठल्याही अकीकाला लाजवेल.

१९. नोंद कशी ठेवायची? लागतेच का?

लागतेच. माझ्याकडे एका बुटाच्या खोक्यात साठेक देखणे दगड आहेत, पहिल्या पाच वर्षांतले, एकावरही ठिकाण नाही. ते आता नुसते देखणे आहेत. वशिष्ठी नदीतला कुठला, काजळी नदीतला कुठला, काही सांगता येत नाही. पंचायतनातला तांबडा दगड शोण नदीतून आला हे विसरलं तर तोही एक तांबडा दगडच.

दगडाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका, सुकल्यावर काळ्या शाईने आकडा, वर बिनरंगी नेलपॉलिशचा हात. वहीत त्या आकड्यासमोर तारीख, गाव, नदी की पुळण, सुटा मिळाला की खडकात होता. नुसत्या चिठ्ठीवर भागवू नका, चिठ्ठ्या झुरळं खातात.

२०. दगड उचलणं कायद्यात बसतं का?

खिशातले दोन गोटे आणि गोणीभर गोटे यांत फरक आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्रात वाळू-दगड काढायला बंदी आहे आणि गौण खनिजाची वाहतूक परवान्याशिवाय होत नाही. बागेतल्या सजावटीसाठी टेम्पो भरणाऱ्यांनी मला फोन करू नये.

काही ठिकाणी एक खडाही नाही. विजयदुर्ग-सिंधुदुर्गसारखी संरक्षित स्मारकं, आणि १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेला मालवणचा भाग. कातळशिल्पांच्या सड्यावर तर चपलेची टाचसुद्धा जपून ठेवा. उक्षी, कशेळी, बारसू यांसारखी कोकणातली शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. खाण, क्रशर, विहिरीचं खोदकाम ही मालकाची जागा, विचारूनच पाऊल टाका.

दगड वाटून प्रवाळ उचललं जातं, हा खरा धोका. खडक रचणारी प्रवाळं आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडाही बाळगू नये. मेणचट, राखाडी, वासाचा गोळा दिसला तर तो व्हेलची उलटी असू शकतो. हात लावू नका, वनखात्याला कळवा.

२१. शेंदूर लागलेला किंवा देवराईतला दगड?

नाही. राखणदाराला मानत असाल तर त्याच्यासाठी, नसाल तर गावासाठी. तो दगड आधीच कुणाच्या तरी संग्रहात आहे.

२२. पर्यटनस्थळी गुलाबी-निळे काप मिळतात, ते खरे का?

दगड बहुतेकदा खरा, रंग खोटा. अकीक सच्छिद्र असतो, रंग पितो. भेगांत रंग दाट साचलेला दिसेल. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून पुसा, कधी कधी कापूसच कबुली देतो.

२३. माझ्या संग्रहाचे किती पैसे येतील?

येणार नाहीत. विकाऊ नमुने कसे असतात ते पाहायचं तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या.

२४. घरात जागा उरली नाही. दगड परत टाकले तर चालतील?

चालतील, पण जिथले तिथे. नाशिकचा स्टिलबाइट गणपतीपुळ्याच्या पुळणीवर टाकलात तर पुढच्या वर्षी तो मला कुणाच्या तरी ओल्या तळहातावर दिसणार आणि मी चार रात्री जागणार. ठिकाण माहीत नसलेले दगड कुंडीत घाला.

मी दरवर्षी गौरी विसर्जनाला वहीतले सात आकडे खोडते आणि ते सात दगड पिशवीत घेऊन निघते. वशिष्ठीचे वशिष्ठीला, काजळीचे काजळीला जातात. त्यात दोन-तीन दिवस मोडतात. आमच्या वहाळाचा एक असतोच. तो सोडताना अजूनही मी आधी पाण्यात वाकून, राखी रंगाचा, गोल रेघेचा कुठे दिसतो का ते बघून घेते.